साहेबांचा विमा

पिल्लू घरी आलं तेव्हा त्याच्यामागून त्याची वंशावळही आली. आईची आई, बापाचा बाप, कुणाला कुठल्या प्रदर्शनात बिल्ला मिळाला, सगळं जाड कागदावर छापलेलं. ताईच्या घरात स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव कुणाला सांगता आलं नसतं. बाबांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, मग टोपलीतल्या राखाडी, गोल तोंडाच्या, जाड पंजांच्या त्या जीवाकडे पाहिलं.

"आयुष्यभर साहेबांच्या मागे फायली घेऊन फिरलो," ते म्हणाले, "आता निवृत्तीनंतर साहेबच घरपोच."

तेव्हापासून पिल्लाचं नाव साहेब.

साहेबांना पाठवलं होतं ताईच्या धाकट्या भावाने. आई गेल्यापासून बाबा टीव्ही न लावताच टीव्हीसमोर बसतात, असं ताई त्याला एकदा फोनवर बोलून गेली होती. तो दूर राहायचा, आणि दूर राहणाऱ्या माणसाला उपाय पटकन सुचतात. त्याने जातिवंत मांजरं पाळून विकणाऱ्या एका बाईंशी परस्पर बोलणं केलं, आणि रविवारी त्या स्वतः पिल्लू घेऊन दारात हजर. जाताना म्हणाल्या, "आमच्या डॉक्टरांनी तपासून शिक्का दिलाय. सबंध तपासणीभर घुरघुरत होता लबाड. डॉक्टर म्हणाले, मोटार बंदच करत नाही!"

बाबांनी दुसऱ्याच दिवशी साहेबांचा आरोग्यविमा उतरवला. हे त्यांच्या हातचं काम. सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीत माणसांच्या आजारपणाचे दावे तपासण्यात घालवली होती, आणि ऑफिसात त्यांना 'कात्री' म्हणत. इतर लोक जसे कोडं सोडवायला बसतात तसे ते पॉलिसीची बारीक अक्षरं घेऊन बसले. आईच्या आजारपणानंतर ताईने त्यांना इतकं रमलेलं पाहिलं नव्हतं.

"जातिवंतांना हप्ता जास्त लावतात," ते चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "पण ही पॉलिसी जन्मजात दोषसुद्धा धरते. अट एकच. विमा लागू व्हायच्या आधी लक्षण दिसलेलं नसावं. आणि लागू व्हायला पंधरवडा."

"म्हणजे पंधरवडाभर आजारी पडायचं नाही?"

"पडायचं. दिसायचं नाही."

ताई हसली. ते हसू फार टिकलं नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी साहेब उशीवर झोपले होते आणि ताई समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. न हलणाऱ्या गोष्टींकडे बघत राहायची तिला सवय होती, त्यामुळे हलणारी गोष्ट चटकन नजरेत भरायची. साहेबांची कूस हलत होती. फार भरभर हलत होती. स्वप्न पडत असेल, असं मनाशी म्हणून तिने दोन टॉवेलांच्या घड्या घातल्या. स्वप्न संपेना. मग तिने घड्याळ समोर ठेवून श्वास मोजले, परत मोजले, आणि उरलेले कपडे तसेच टाकून उठली.

त्यानंतर तिला चैन पडेना. साहेब दोरीमागे धावायचे ते मधेच थांबून खाली बसायचे, काहीतरी विसरलेलं आठवल्यासारखे. एकदा तर तोंड किंचित उघडं ठेवून बसलेले दिसले. मांजर तोंडाने श्वास घेत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

"बाबा, साहेब धापा टाकतायत."

"खेळून दमलेत."

"झोपेतसुद्धा?"

"दमलेत म्हणून तर झोपलेत." बाबांनी पिल्लू उचलून छातीवर घेतलं. "आणि घुरघुरतायत बघ कसे. ज्याचं दुखतंय ते पोर गाणं म्हणतं का?"

"म्हणतं. मांजर दुखलं तरी घुरघुरतं. मी उद्या डॉक्टरांना दाखवते."

बाबांचा हात पिल्लाच्या पाठीवर थांबला. आवाज उतरला, ऑफिसातला झाला. "हे बघ ताई. डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारणार? कधीपासून? माणूस बाकी सगळीकडे खोटं बोलतो, बायकोशी बोलतो, साहेबाशी बोलतो, पण डॉक्टरने 'कधीपासून' विचारलं की खरं सांगून मोकळा होतो. डॉक्टर ते लिहितो. आणि मी तेवढीच ओळ शोधायचो. बाकी फाईल वाचायची गरजच नसायची."

"मग काय करायचं?"

"काही नाही. पंधरवडा जाऊ दे. उद्या खरंच काही मोठं निघालं आणि विमा नसला, तर तू काय करणार आहेस? मी काय करणार आहे?"

आईच्या वेळी घरातलं किती काय गेलं, ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नसत. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्यालाच होकार म्हणतात, हे तिला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

पुढचे दिवस तिने कसे काढले तिचं तिलाच माहीत. कामावर असताना घर आठवायचं, घरी असताना पायाला भिंगरी. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून परत आत. जाताना उशीकडे एक नजर, येताना एक. पातेलं गॅसवर ठेवून ती उशीजवळ जाऊन बसायची आणि जळका वास आला की धावायची. बाबा मात्र निवांत. जेवणानंतर आरामखुर्चीत मागे रेलायचे, साहेब त्यांच्या छातीवर चढायचे, बाबांचा पंजा साहेबांच्या कुशीवर. डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले. कुणा जुन्या साहेबाशी मनातल्या मनात भांडत असतील, असं ताईला वाटायचं आणि त्यांच्या त्या निवांतपणाचा रागही यायचा.

प्रयोगशाळेत एक नियम होता. पाण्याच्या बाटलीवर नमुना कधी घेतला ती वेळ नसेल तर बाटली तपासायची नाही, मोरीत ओतून द्यायची. पाणी कितीही स्वच्छ दिसो. जंतू वेळेप्रमाणे वाढतात. नमुना कधीचा ते माहीत नसेल तर तपासणीच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. त्या आठवड्यात नमुनेवाला बाटल्यांची पेटी घेऊन आला, आणि सगळ्या बाटल्यांवरच्या वेळा एकाच शाईत, एकाच वळणात, कशा अगदी एकामागोमाग शिस्तीत लिहिलेल्या.

"चहाच्या टपरीवर बसून लिहिल्यात ना या?"

"काय ताई, पाणी तेच, नळ तेच," नमुनेवाला पेटी पुढे सरकवत म्हणाला. "पाच-दहा मिनिटं इकडची तिकडे झाली तर पाण्याला काय कळतंय!"

एरवी ती दोन वाक्यांत त्याची हजामत करून मोकळी झाली असती. त्या दिवशी तिने एकेक बाटली उघडली आणि मोरीत ओतली, एक शब्द न बोलता. नमुनेवाल्याला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. जाताना तो म्हणाला, "घरी सगळं ठीक ना ताई?" ती म्हणाली, "हो." आणि रिकाम्या बाटल्या गरजेपेक्षा जास्त वेळ धूत बसली.

पंधरवडा संपला. ताईने सकाळीच टोपली काढली, आत जुनी शाल अंथरली.

"कुठे?" बाबा म्हणाले.

"डॉक्टरांकडे. झाला ना विमा लागू?"

"आज?" त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, पहिल्याच दिवशी? पहिल्या दिवशी आलेला दावा दिसला की तपासणाऱ्याच्या नाकाला वास येतो. मला यायचा. हा टपूनच बसला होता, म्हणायचो मी, आणि मग नखशिखांत सोलायचो त्याला. आठवडा जाऊ दे."

"बाबा, ते जेवत नाहीयेत नीट."

"काल सगळं संपवलं की."

"अर्धं तुम्ही चमच्याने भरवलंत!"

बाबांनी टोपलीतली शाल काढून घडी केली आणि कपाटात ठेवली. ताई बघत राहिली. एवढी मोठी, केसांत पांढरं आलेली बाई, आणि बापाच्या हातातून शाल ओढून घेता येईना.

भावाचा फोन आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा म्हणतायत ते प्रॅक्टिकली बरोबरच आहे ना. त्यांनी जन्म घालवलाय त्यात."

"तू ये इकडे आणि मोज श्वास."

"चिडतेस काय? बरं, मांजर कसं आहे एरवी? गोड आहे ना?"

तिने फोन ठेवून दिला.

तो आठवडा पुरा झालाच नाही. शनिवारी दुपारी ताई कामावरून आली, कुलूप उघडलं, तर नेहमीसारखे साहेब दारात नाहीत. बाबा आरामखुर्चीच्या कडेवर बसलेले, पुढे वाकून. साहेब त्यांच्या पायाशी फरशीवर, कोपरं बाहेर काढून, मान ताणून, तोंड उघडं. जीभ गुलाबी नव्हती. शाईच्या डागावर पाणी पडावं तसा तिचा रंग झाला होता.

"टोपली काढ," बाबा म्हणाले.

टॅक्सी सिग्नलला थांबली की ताईचा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जणू गाडी पळवायचं पेडल तिच्याच पायाखाली होतं. टोपलीतून घुरघुर येत होती, एकसारखी, मोठी. ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "खूश दिसतंय मांजर."

दवाखान्यात गर्दी होती, पण टोपलीत एक नजर टाकून डॉक्टरांनी त्यांना सरळ आत घेतलं. तरुण बाई, दोन्ही हातांवर जुन्या ओरखड्यांच्या रेघा. साहेबांना टेबलावर ठेवून त्यांनी हिरड्या पाहिल्या, मानेजवळची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती सावकाश खाली बसली. छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "घुरघुर इतकी आहे की दुसरं काही ऐकूच येत नाही. कधीपासून होतंय हे?"

ताईने तोंड उघडलं. बाबा आधी बोलले.

"आज सकाळपासून."

"त्याआधी?"

"काही नाही. काल घरभर धावत होता. विचारा हिला."

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ताईने टेबलाच्या कडेकडे पाहिलं. स्टीलची कड, तिथे एक राखाडी केस चिकटलेला.

"मग संसर्ग असणार. लहान पिल्लांत असा झपाट्याने चढतो," डॉक्टर भराभर म्हणाल्या. "अंगातलं पाणी पण कमी झालंय. आधी सलाईन लावू, मग फोटो काढू." त्या वळल्या, मदतनिसाला सुईचा आकार सांगितला, पुढच्या पायावरचे केस कापायचं मशीन सुरू झालं.

सलाईन. ताई डॉक्टर नव्हती, पण शिकताना शरीरशास्त्राचा एक पेपर तिने मन लावून केला होता. आज सुरू झालेलं असेल तर तो आजार एक. जन्मापासून असेल तर दुसराच. पंपच बिघडला असेल आणि तुम्ही नळीत आणखी पाणी सोडलं, तर ते जाणार कुठे? फुप्फुसात. डॉक्टर चुकत नव्हत्या. त्यांच्या हातात बाटली दिली होती आणि बाटलीवर वेळ खोटी लिहिली होती.

शेजारी बाबा उभे होते, हात मागे बांधून, ताठ, ऑफिसात उभे राहत असतील तसे. त्यांना परक्या माणसासमोर खोटं पाडायचं. आजवर तिने ते कधी केलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मशीन बंद झालं. "आजपासून नाही. घरी आणल्यापासून आहे. झोपेतसुद्धा श्वास भरभर चालतो. खेळताना मधेच बसतात. मी पहिल्या आठवड्यातच बघितलं होतं. आम्ही… आम्ही आणलं नाही. विम्यासाठी."

खोलीत नुसती घुरघुर. तिने बाबांकडे पाहिलं नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत; तेवढा वेळच त्यांनी घेतला नाही. सुई खाली ठेवली, कोपऱ्यातल्या बेसिनशी गेल्या आणि नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो पडू लागलं. साहेबांचे कान त्या दिशेला वळले, आणि मोटार बंद झाली. डॉक्टरांनी झटकन छातीला नळी लावली, डोळे मिटले. नळातून किती पाणी वाहून गेलं कोण जाणे. ताईला पहिल्यांदाच पाण्याची फिकीर नव्हती.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ठोक्याच्या मधे फुसफुस आहे, मोठी. हृदयात भोक असणार, जन्माचंच. सलाईन रद्द. ऑक्सिजन, आणि पाणी उतरवायचं इंजेक्शन. चला." मग दारातून ऑक्सिजनची पेटी आत येत असताना त्या हळूच म्हणाल्या, "बरं झालं बोललात. सलाईन झेपलं नसतं त्याला."

साहेबांना काचेच्या पेटीत ठेवलं. मग एक माणूस छातीवर फिरवायचं यंत्र घेऊन आला, पडद्यावर करडं काहीतरी धडधडताना दिसलं, आणि डॉक्टर म्हणाल्या तसंच निघालं. औषधावर राहील. किती वर्षं ते आत्ता सांगता येणार नाही, पण औषध लागू पडतंय असं दिसतंय. पुढे कदाचित ऑपरेशन, मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात.

बाहेर बाकावर ताई आणि बाबा, मधे रिकामी टोपली. ताई उठायची, काचेतून बघायची, बसायची, परत उठायची. बाबा ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

डॉक्टर हातात केसपेपर घेऊन आल्या आणि दार मागे लोटून घेतलं. "ऐका. मला जे कळायला हवं होतं ते कळलंय. उपचार त्याप्रमाणे सुरू आहेत. आता इथे 'कधीपासून' ही जागा मी अजून कोरी ठेवली आहे." त्यांनी पेन उचललं. "मी 'आज' लिहिलं तर मांजराला आता काही फरक पडत नाही. औषधं आयुष्यभराची आहेत. ठरवा तुम्ही."

ताईच्या घशाशी 'लिहा' आलं. खरंच आलं. आता कुणाचा जीव जाणार नव्हता, कुणाच्या हातात सुई नव्हती. शिवाय पुढचं ऑपरेशन. तिला ओतलेल्या बाटल्या आठवल्या, आणि तरी तिने नाही म्हटलं नाही. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातचं काम. बोलू देत त्यांना.

बाबांनी हात पुढे करून केसपेपर मागून घेतला. चष्मा कपाळावर चढवून वरपासून खालपर्यंत वाचला. वाचायची ती पद्धत ताईला माहीत होती.

"हा कागद पिल्लाबरोबर फिरणार ना?" त्यांनी विचारलं. "तुम्ही गावाला गेलात, दुसऱ्या डॉक्टरकडे न्यावं लागलं, तर तो हाच वाचणार?"

"हो."

"त्याने 'आज सुरू झालं, लगेच बरं वाटलं' असं वाचलं, तर तो औषध कमी नाही का करणार?"

डॉक्टर म्हणाल्या, "शक्य आहे."

"मग लिहा, आणल्यापासून." त्यांनी कागद परत दिला. "आणि मोघम लिहू नका. मोघम कागद कुणाच्याच कामाचा नसतो. झोपेतला श्वास पहिल्या रात्री मिनिटाला अडतीस. आठवडाभर चाळिसाच्या आत. मग वाढत गेला. काल रात्री छप्पन्न."

ताईने टोपलीवरून वाकून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही मोजत होता?"

"छातीवर झोपायचे ना साहेब." बाबा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "ओठ हलवल्याशिवाय मला मोजता येत नाही."

"आणि तरी…"

"आणि तरी," बाबा म्हणाले. त्यांचा पंजा गुडघ्यावर पडला होता, अर्धवट वळलेला, त्याखाली कुणी झोपलेलं असावं तसा.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. जाताना सहज म्हणाल्या, "मग कंपनी आता सगळंच नाकारेल?"

"सगळं कसं नाकारेल?" बाबांना एकदम ऑफिस आठवलं, पाठ ताठ झाली. "हृदय तेवढं वगळतील. बाकीचं मांजर अजून विम्यात आहे. पाय मोडला, कान फुटला, खडा झाला, तर बघतो ना मी कसे देत नाहीत ते." मग आवाज पुन्हा खाली आला. "हृदयाचं आपलं आपण बघायचं."

ताईने भावाला फोन लावला. "प्रॅक्टिकली," ती म्हणाली, "औषधाचं अर्धं तू द्यायचंस. दर महिन्याला. गोड आहे मांजर." पलीकडून काही येण्याआधीच तिने फोन बंद केला.

दिवे लागायच्या सुमाराला त्यांना आत जाऊन बसायची परवानगी मिळाली. काचेच्या पेटीत साहेब कुशीवर पडले होते, जीभ आत, तोंड मिटलेलं. पुढच्या पायावरचे केस एका चौकोनापुरते कापलेले, तेवढीच उघडी गुलाबी कातडी. कूस हलत होती. भरभर, पण दुपारसारखी नाही. की तसंच वाटत होतं? नुसत्या वाटण्यावर ताईचा विश्वास नव्हता.

तिने घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. शेजारी बाबांचे ओठ आधीच हलायला लागले होते.

मिनिट भरलं.

"सत्तेचाळीस," ताई म्हणाली.

"शेहेचाळीस."

"तुमचा एक राहिला. मधे ते शिंकले तेव्हा."

"शिंक श्वासात धरत नाहीत."

"कुणी सांगितलं धरत नाहीत?"

"बरं बाई," बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "परत मोज."